मुंगूस आम्ही नेलं

मी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, असं म्हणणारी बाई भेटली की मी मान डोलावते आणि मनात म्हणते, खोटं बोलतेय. मी चिंतलंय. एका बाईचं वाईट मी चांगलं वर्षभर, रोज भाकरी थापता थापता चिंतलं, आणि त्या वर्षी माझ्या भाकऱ्या फार छान फुगायच्या. आता माझे हात भाकरीला उचलत नाहीत, म्हणून लिहायला बसले. लिहायला मी लग्नानंतर शिकले, आमच्या ह्यांच्या शाळेतल्या फुटक्या पाट्यांवर, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तेव्हा लढाई चालू होती. रॉकेल मोजून मिळायचं, काड्यापेटी तर जपून ठेवायची वस्तू झाली होती. आम्ही खर्ड्याच्या अलीकडे एका खेड्यात राहायचो. हे तिथल्या मिशनच्या शाळेत मुख्य मास्तर. शाळा म्हणजे एक लांबडी खोली. तिला लागून मास्तरांचं घर, दोन खोल्यांचं, आणि मागं हे एवढं मोठं परसू. घर मिशनचं, पण परसू माझं. म्हणजे कागदावर नव्हे, अंगमेहनतीनं. मी आले तेव्हा तिथं नुसते दगड आणि निवडुंग होता. त्या मुलखात जुने पडके गडगे, नुसत्या रचलेल्या दगडांच्या भिंती, जागोजागी, आणि दगड तिथं साप. पहिल्या वर्षी मी अंथरूण तीनतीनदा झटकायची. न्हाणीत पाय टाकायच्या आधी काठी आपटायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "काठी आपटून आपटून भुईला खड्डा पडंल, साप न्हाई जायचा."

मग कधीतरी सरपणाच्या ढिगाखाली मुंगूस राहायला आलं. कुणी आणलं नाही, बोलावलं नाही. कोंबड्यांसाठी मी एक दगडी डोण भरून ठेवायची, तिच्यावर ते दुपारी पाणी प्यायला यायचं. लाल डोळे, शेपूट जमिनीला लागलेलं, आणि चाल अशी की कुणाचं देणं नाही घेणं नाही. पहिल्यांदा त्यानं माझी दोन पिल्लं नेली. मी खूप शिव्या दिल्या. पण नंतर एकदा त्याला गडग्यापाशी नागाशी झुंजताना पाहिलं, आणि शिव्या परत घेतल्या. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. ऊन कललं की मी कोंबड्या डालग्याखाली झाकायची, डालग्यावर पाटा ठेवायची, आणि बाकी परसू त्याचं. पुढं साप दिसला तर वर्षातून एखादा. तोही घाईत असल्यासारखा.

आता त्या बाईचं सांगते. शाळेत दुसरे एक मास्तर होते, दुय्यम. त्यांना सगळे धाकटे मास्तर म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला धाकटी मास्तरीण. दोघं गावात एका खोलीत भाड्यानं राहायची. ती नगर शहरातली, गोरी, नीटनेटकी, आणि सापाला अशी भ्यायची की दोरी दिसली तरी किंचाळायची. आमच्याकडे रोज यायची. माझ्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा, अंडी, पुदिना, सगळं हक्कानं न्यायची. मी द्यायची. मला आवडायची ती. खरंच आवडायची. ज्या माणसाचा राग आला त्याच्यावर आधी प्रेम असलं की राग फार टिकतो.

"वहिनी, तुमचं परसू म्हणजे काय! आणि वर राखण करायला मुंगूस. आमच्या खोलीत बघा, छपरातून काय पडेल नेम नाही," असं म्हणायची आणि डोणीजवळच्या दगडावर बसून राहायची.

त्या साली शाळू हुरड्यात आला तेव्हा शाळेतली निम्मी पोरं शेतात. पाखरं राखायला हात लागतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, ते काम पोरांचंच. आमच्या ह्यांनी काय केलं, उजाडता उजाडता शाळा भरवायची आणि पाखरं रानात उतरायच्या सुमाराला सोडायची. पोरं थंडीत कुडकुडत यायची, घोंगड्या पांघरून पाढे म्हणायची. मी त्याच दिवसांत बाळंत झाले होते. पहाटे बाळाला पाजताना भिंतीपलीकडून पाढे ऐकू यायचे. एक दिवस चुकला नाही.

आणि एके दिवशी भर दुपारी साहेब आले तपासणीला. शाळा रिकामी.

हे पुढं झाले, म्हणाले, "साहेब, शाळा सकाळी भरते. पोरं आता रानात आहेत."

साहेबांनी धाकट्या मास्तरांकडं पाहिलं असणार. मी आत बाळंतिणीच्या खोलीत होते, मला दिसलं नाही. ऐकू मात्र आलं, कारण ते बरोबर माझ्या खिडकीखाली उभे होते.

"सकाळी? नाही साहेब. सकाळी कुणी नसतं."

एवढंच. आवाजही चढवला नाही. जसं कुणी ऊन पडलंय म्हणून सांगावं. मी बाजेवर उठून बसले, आत्याबाईंनी मला खांदे धरून खाली निजवलं. बाहेर हे एकदाच म्हणाले, "मी खोटं बोलत नाही." आणि मग गप्प झाले. त्यांना वाटलं, खरं एकदा सांगितलं की पुरे. असं वाटणारी माणसं असतात, काय करणार.

आमची जामखेडला बदली झाली. तिथं हे दुय्यम, आणि इथं धाकटे मास्तर मुख्य. घर लगोलग रिकामं करा.

माझा सव्वा महिना व्हायचा होता. आम्ही ख्रिस्ती झालो तरी बाळंतिणीचा सव्वा महिना आमच्यातही मोडत नाहीत. तेवढ्या दिवसांत ती उंबरा ओलांडत नाही, वारा लागू देत नाही. मी त्या बाईला बोलावणं धाडलं. आली. खोलीच्या दारातच उभी राहिली.

मी म्हटलं, "मास्तरांना सांगा, सव्वा महिना होईपर्यंत थांबा. मग मी स्वतः किल्ली आणून देते."

ती म्हणाली, "वहिनी, माझ्या हातात काय आहे? आमचं सामान बांधून झालंय. आम्ही कुठं ठेवू?" मग जरा घुटमळली. मला वाटलं, आता काही बरं बोलेल. तर म्हणाली, "एक विचारू? ते मुंगूस इथंच राहील ना? नाही, म्हणजे तुम्ही काही हाकलून वगैरे जाणार नाही ना? खरं सांगू, ह्या घराचा मी हट्ट धरला तो त्याच्यामुळंच. आमच्या ह्यांना मी म्हटलं होतं, राहायचं तर तिथंच."

बघा. म्हणजे माझ्या नवऱ्याची अब्रू गेली ती एका मुंगसापायी. तिला वाटलंही नाही आपण काय बोलून गेलो. हसून, मान तिरकी करून विचारत होती, पडदे ठेवून जाणार का म्हणून विचारावं तशी.

मी म्हटलं, "बघू."

ती गेल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "मुंगूस न्यायचं."

"काय?"

"मुंगूस. जामखेडला न्यायचं. हिला सापांत ठेवायचं."

ह्यांनी ऐकलं तर ते म्हणाले, "अगं, ते रानचं जनावर. ते आपलं नाही आणि त्यांचंही नाही."

"कुणाचंच नाही ना? मग मी नेलं तर कुणाचं काय जातंय?"

"तिकडं नेल्यावर ते राहील का? नव्या जागी बिचकून पळेल, कुत्री फाडतील."

"पळालं तर पळालं. इथं नसलं म्हणजे झालं."

साहेबांसमोर जे तोंड उघडायला हवं होतं ते आता मुंगसासाठी उघडताय, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण चेहरा बघितला त्यांचा आणि गिळलं.

आत्याबाई मात्र कामाला लागल्या. त्यांना काम दिलं की बऱ्यावाईटाचा विचार त्या नंतर करायच्या. डोणीजवळ डालगं काठीच्या टेकूवर उभं केलं, काठीला सुतळी, खाली अंडं. मी मागच्या दाराच्या आत बाळ मांडीवर घेऊन बसलेली. उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून नुसती हुकूम सोडत होते. पहिल्यांदा सापडली ती आमचीच तांबडी कोंबडी. आत्याबाई तिला म्हणाल्या, "सटवे, तुझं अंडं तूच खायाला आलीस व्हय?" दुसऱ्या खेपेला, उन्हं उतरताना, सापडलं.

काय फुगलं होतं ते! अंगावरचा केस न् केस उभा, बाटल्या धुवायच्या ब्रशासारखं दिसत होतं. डालग्याला धडका देत होतं. आत्याबाईंनी वर पाटा ठेवला, त्यावर वरवंटा. मी दारातून मुंगसाला म्हटलं, "आता आपट डोकं. मलाही असंच उचलून टाकतायत." आणि मला आत इतकं गार वाटलं की सांगता सोय नाही.

सकाळी आत्याबाईंनी हाक मारली. "अगं ए, हिकडं ये. दारातनंच बघ."

सरपणाच्या ढिगातून दोन पिल्लं बाहेर आली होती. शेपट्या बोटाएवढ्या. चीं चीं करत डालग्याला नाकं लावत होती. आणि आतलं मुंगूस, जे कालपासून धडका देत होतं, ते गप्प झालं होतं. आतून नाकाला नाक लावून होतं.

"बाळंतीण हाय ही," आत्याबाई म्हणाल्या. "हिला कुठं गाडीत घालून नेतीस? तुला नेत्यात त्याचं लई सुख वाटतंय व्हय?"

"पिल्लं पण नेऊ."

"ती घावत्यात व्हय! दगडात शिरली की गेली. मरतील आईबिगर."

"मग ठेवू म्हणता? तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी कशाला? ह्या पिल्लांसाठी ठेव."

"आणि माझ्या जिवाची आग?"

"आग तुझी हाय, तू बघ. जनावराच्या अंगावर कशाला वततीस?"

मी बाळाला पाजत बसून राहिले. मला त्या मुंगसाची दया आली हे खरं, पण तेवढ्यानं राग विझला असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग तसाच होता. उलट बाळाकडं बघून आणखी वाढला. ज्या बाईनं मला सव्वा महिना दिला नाही तिच्यासारखं मी ह्या जनावराशी वागायचं, म्हणजे मग मी तिच्याहून वेगळी कशी? छे. तिच्यासारखं तर मुळीच व्हायचं नव्हतं. पण तिला सुखानं त्या दगडावर बसू द्यायचं, तेही नव्हतं.

मग सुचलं. मी म्हटलं, "आत्याबाई, पाटा काढा. सोडा त्याला. आणि डालगं मला आत आणून द्या."

मुंगूस वाऱ्यासारखं ढिगात गेलं, पिल्लं मागोमाग. मी डालग्यात वरवंटा ठेवला, खाली थोडा पाचोळा, तोंडाला जुनं लुगडं गुंडाळलं आणि सुतळीनं गच्च आवळलं. हलवून पाहिलं. आत खरबडल्यासारखं व्हायचं. झकास.

निघायच्या दिवशी मी माझ्या हातानं चूल फोडली. माझ्या हातची चूल होती, तिच्यावर तिच्या नवऱ्याचा स्वयंपाक होणार नव्हता. दाव्याच्या खुंट्या उपटून घेतल्या, पुदिना मुळासकट काढला. शेवगा तोडावा असंही मनात आलं होतं, पण आत्याबाई त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

ती किल्ली घ्यायला आली. गाडीत सामान चढत होतं. हे डालगं उचलायला गेले आणि थबकले.

"अगं, हे तर..."

"जपून!" मी ओरडले. "चावेल!"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग एक अक्षर न बोलता डालगं गाडीत ठेवलं. त्यांनी तोंडानं खोटं सांगितलं नाही, मीही त्यांना सांगायला लावलं नाही. एवढी काळजी मी घेतली.

ती पुढं आली. "वहिनी, हे काय?"

"मुंगूस."

"नेताय?"

मी डालग्यावर थाप मारली, आत वरवंटा घरंगळला. "गप गं," मी डालग्याला म्हटलं. "येतंय जामखेड."

तिचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की मला भूक लागली. खरंच. बाळंतपणानंतर पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

"अहो, पण मग सापांचं?"

"सापांचं काय? ते येतील. त्यांना काय कुणी सव्वा महिना थांबा म्हणून सांगणार आहे?"

गाडी सुटली. ती दारात उभी होती, किल्ली पदरात धरून.

जामखेडच्या बाजाराला त्या गावचा गाडीवान यायचा, तो आमच्याकडे पाणी प्यायला थांबायचा. मी त्याला भाकरी वाढायची आणि खबरा काढायची. मागचं दार तिनं आतून खिळे ठोकून बंद केलं होतं. धुणं पुढच्या दारी, भांडी पुढच्या दारी. धाकट्या मास्तरांना मुख्य मास्तर होऊनही बायकोसाठी दिवसातून कितीदा पाणी आणावं लागायचं. परसात गुडघ्याएवढं गवत. "मास्तरीण उंदीर वाजला तरी खाटंवर चढती," गाडीवान म्हणायचा आणि मी त्याला आणखी कालवण वाढायची.

आत्याबाई म्हणायच्या, "सांगून टाक की आता. लई झालं."

"अजून नाही झालं," मी म्हणायची.

मग नाताळ आला. सगळ्या खेड्यांतली मंडळी उपासनेला जामखेडला जमली. उपासनेनंतर मांडवात पंगती. मी पोरीला घेऊन कडेला बसले होते, ती शोधत शोधत माझ्याकडं आली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं. माझ्या पोरीला मांडीवर घेतलं, तिचं जावळ कुरवाळलं. मी घेऊ दिलं.

"वहिनी, एक विचारते. खरं सांगाल?"

"विचारा."

"आमचे हे म्हणतात, परसात त्यांनी मुंगूस पाहिलं. पिल्लं घेऊन. दोनतीनदा पाहिलं म्हणतात. मी म्हटलं, कसं शक्य आहे? वहिनींनी माझ्या डोळ्यांदेखत नेलं. हे नुसतं मला दार उघडायला लावायला बोलतात. त्यांचं असं आहे वहिनी, त्यांना जे सोयीचं ते त्यांनी पाहिलेलंच असतं. मी त्यांच्यावर विश्वास कसा ठेवू?"

बघा हं. तो माणूस जन्मात एकदा खरं बोलला, आणि त्याची बायको त्याला खोटा म्हणत होती. मला वाटलं, देवानं हे खास माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

एक वाक्य पुरलं असतं. "डालगं रिकामं होतं," एवढंच. संध्याकाळपर्यंत गावी पोचून तिनं खिळे उपटले असते. माझी पोर तिच्या मांडीवर, तिचं बोट चोखत. माझा जीव विरघळत नव्हता असं नाही.

मी म्हटलं, "मी काय सांगू? तुम्ही पाहिलंत ना नेताना?"

"पाहिलं. पण..." ती पुढं वाकली. "मी मास्तरांनाच विचारू का? तुमच्या ह्यांना. ते खोटं बोलायचे नाहीत."

मांडवात एवढा गलका होता, तो मला ऐकू येईनासा झाला.

"ते खोटं बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे तर," मी म्हटलं.

तिला उशिरा कळलं काय बोललो ते. कळलं तेव्हा मान खाली गेली. पोरीचं जावळ कुरवाळणारा हात थांबला.

मी आवाज चढवला नाही. खिडकीखालच्या त्या आवाजाइतक्याच हलक्या आवाजात म्हटलं, "जा की. ते तिकडं बसलेत, खांबाजवळ. विचारा. सगळं खरं सांगतील. डालग्याचंही सांगतील, पाढ्यांचंही सांगतील."

तिनं तिकडं पाहिलं. हे खांबाला टेकून कुणाच्या तरी पोराला बोरं देत होते. दहा पावलांवर होते हो! तिला फक्त उठून जायचं होतं आणि त्यांच्या तोंडाकडं बघून विचारायचं होतं. मी त्यांना कानमंत्र दिला नव्हता. त्यांनी तिला झोप परत देऊन टाकली असती, वर चहा घेऊन जा म्हणाले असते.

ती उठली. पोर माझ्या मांडीवर ठेवली. खांबाकडं दोन पावलं गेली. ह्यांनी वर पाहिलं, ओळखीचं हसले. आणि ती तशीच वळली आणि मांडवाच्या दुसऱ्या दारानं बाहेर पडली. पदर डोक्यावर ओढून, ऊन नसताना.

पुढच्या पाडव्याच्या आत त्यांनी ते घर सोडलं आणि नगरकडं बदली मागून घेतली. मागचं दार म्हणे खिळे ठोकलेलंच होतं.

त्या नाताळाच्या दिवशी पंगत उठल्यावर ह्यांनी मला विचारलं, "काय म्हणत होत्या गं त्या? माझ्याकडं येता येता परत फिरल्या."

मी म्हटलं, "काही नाही. मुंगसाची खुशाली विचारत होत्या."